मानेतली तार

माझा उजवा हात पुन्हा थरथरायला लागला तेव्हा मी भाकर थापत होते. भाकर परातीतच फाटली. मी परात ढकलून दिली आणि ओरडले, "अहो, बंद पडलं वाटते!"

बंद म्हणजे माझ्या छातीतलं यंत्र. कंपवातासाठी नागपूरला माझ्या मेंदूत बारीक तारा घातल्या होत्या. कानामागून, मानेच्या कातडीखालून त्या छातीतल्या बॅटरीपर्यंत येतात. यंत्र सुरू झालं, हात शांत झाला आणि मी पुन्हा कापूस वेचायला जाऊ लागले. त्यासाठीच तर डोक्याला भोकं पाडून घेतली होती. बांधावर बसून दुसऱ्या बायांना आपल्या वावरात वेचताना बघणं माझ्याच्यानं होत नाही.

यांनी रिमोट छातीवर धरला. "चालू दाखवून राहिलं. बॅटरी बी भरून आहे."

"मंग हा हात काहून नाचून राहिला?"

"मले काय मालूम! तू बस बरं अगोदर."

बसवतच नव्हतं. ओसरीपासून फाटकापर्यंत माझ्या येरझारा सुरू होत्या. मान वळवली की कानाखाली झटका बसायचा. शेजारीण म्हणाली, मोबाइल दूर ठेव. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. दिरांनी पिठाच्या चक्कीच्या मोटारीवर खापर फोडलं. माझ्या छातीतलं आमच्या साऱ्या सौंसर गावाला कळत होतं, फक्त मलाच कळत नव्हतं. असा संताप आला!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं नागपूर गाठलं. वाटभर उजवा हात मांडीखाली दाबून बसले, तरी तो थरथरतच होता.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "तार तुटली आहे, मानेत. बदलावी लागेल. मानेवर ओझं घेता का?"

"नाही जी," हेच मध्ये बोलले. "मी इले घागर बी उचलू देत नाही."

"मग दिवसभर काय करता?"

"कापूस वेचतो," मी म्हटलं.

कसा वेचतात, त्यांनी विचारलं. मी उठून पदरानंच दाखवलं. जुन्या लुगड्याची झोळी करायची, तिला आम्ही ओटी म्हणतो. तिचं एक टोक कमरेला, दुसरं मानेवरून घेऊन गाठ मारायची. वेचलेला कापूस तीत टाकत जायचं. बोंडातला कापूस हलका असतो, भरलेली ओटी मात्र मान खाली ओढते. डॉक्टरांनी एकदा एक्स-रे बघितला, एकदा माझी मान.

माझा संयम सुटला. "तुमी सांगतलं ते सारं पाळलं मी. चुंबकाजवळ जाऊ नको, वेल्डिंगजवळ उभी राहू नको, विमानतळावर कार्ड दाखव. आमच्या गावात कुठं विमान उतरते? कापसाचं कोनी बोललं काय?"

"नाही बोललो," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं. नवी तार टाकू, पण आता ओटी बंद."

नवी तार पडली, टाके सुकले, हात थांबला. शेवटची वेचणी सुरू होती. मी बांधावर बसले, उठले, परत बसले. एवढा शहाण्यासारखा हात, आणि त्याला काम नाही!

आमच्याकडे वेचतात त्या बाया. माणसं कापूस मोजतात, गाडीत भरतात. पण हे उठले, एक ओटी घेतली आणि स्वतःच्या गळ्यात अडकवली, तीही उलटी. बाया खदखदून हसल्या. "काहो भाऊ, उद्या लुगडं बी नेसून येजा!"

यांचे कान लाल झाले. "चाल," ते मला म्हणाले. "तू वेच, मी धरतो."

मी वेचत होते आणि त्यांच्या ओटीत टाकत होते. ते झाडात अडकत, धडपडत चालले होते. "पाय उचला न!" मी खेकसले. "साऱ्या पुढं निघून गेल्या."

ओटी भरत आली तसे ते वाकले. दोन्ही हातांनी मानेवरचं कापड सैल करू लागले.

"दरसाल एवढं ओढते का वं मानेले?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मला रडू फुटलं. तोंड फिरवून मी पुढचं झाड धरलं.