हिरवी वायर

परळच्या जुन्या गिरणीच्या आवारात हल्ली वाफेवर चालणारी लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या चादरी धुवायला येतात. तिथला वायरमन दौलत साळसकर. माणूस असा, की शेजाऱ्याचा साधा बल्ब बदलायचा तरी आधी मेन स्विच पाडणार! लालबागच्या चाळीत पोरं त्याला ‘मेन बंद काका’ म्हणत, आणि हा गडी त्यावरही खूश.

तर अशा माणसाच्या हातून ते घडलं.

बॉयलरच्या धुराड्यातून कुठला वायू किती निघतो ते सांगणारं गॅस अ‍ॅनलायझर आलं होतं. पत्र्याची चांगली जाडजूड पेटी. दौलतनं ती भिंतीवर बसवली, धुराड्यातून नळी आणली, यंत्रातून निघणारा वायू खोलीत कोंडू नये म्हणून दुसरी नळी थेट बाहेर सोडली. एवढं सगळं नीट. फक्त अर्थिंगची हिरवी वायर आखूड पडली. नवी आणायला निघणार, तोच लॉन्ड्रीचे मालक हर्षवर्धनशेठ नारळ घेऊन हजर.

“दौलत, मुहूर्त टळतोय. लाव बटण.”

“शेठ, अर्थिंग राहिलंय.”

“अरे, पूजेपुरतं लाव. मग घाल काय घालायचं ते!”

आणि दौलतनं लावलं. आकडे उजळले, नारळ फुटला, पेटीला हळदकुंकू लागलं. पेढा तोंडात गेला आणि हिरवी वायर डोक्यातून गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवाली रखमामावशी ओघळलेलं कुंकू पुसायला ओलं फडकं घेऊन गेली. किंकाळी ऐकून दौलत धावला, मेन पाडला. मावशी भिंतीशी बसलेली, मनगट मुरगळलेलं.

“माझाच चुकला रे, झिला. पूजेचा कुंकू पुसूक गेलंय. देवाक नाय आवडला.”

जमलेले हसले. दौलत हसला नाही. पण हिरव्या वायरचं नावही त्यानं काढलं नाही.

दुपारी मावशीनं पदराची गाठ सोडून खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. “तू धावलंस म्हणान वाचलंय. खा.” दौलतनं तो चावून चावून खाल्ला.

तेवढ्यात शेठ आले. “दौलत, मावशीला सांग, उद्यापासून येऊ नको. वय झालं, हात कापतात. परत काही झालं तर माझ्या गळ्यात!”

मावशी तिथेच होती. तिनं नुसता पदर सारखा केला. ते दौलतला पाहवेना.

“शेठ, हात तिचे नाही, माझे चुकले. अर्थिंग न जोडता मी सप्लाय दिला. करंट पेटीत उतरला. काढायचं तर मला काढा.”

शेठ उगाच मोबाईल चाळू लागले. मुहूर्ताची घाई कुणाची होती, ते त्यांनाही आठवलं असावं.

मावशीनं दौलतकडे रोखून पाहिलं. “म्हणजे सकाळपासून मी देवाची माफी मागतंय, ती फुकट? आणि वर माझा खोबरा खाल्लंस, मेल्या?”

दौलतनं मेन बंद ठेवून हिरवी वायर घातली, मीटर लावून दोनदा तपासली. मावशीची नोकरी टिकली. दौलतचीही टिकली.

पण मावशी आता सगळी खोली लख्ख पुसते आणि त्या पेटीपाशी आली की वळते. पेटीवर कुंकवाचा अर्धा पुसलेला ओघळ तसाच आहे. दौलत कधीकधी फडकं घेऊन जातो, पेटीसमोर उभा राहतो, आणि न पुसताच परत येतो.