काठमांडूच्या वाटेवरचे थांबे

घराचा उंबरा न ओलांडता आमच्या दाजींइतका लांबचा प्रवास केलेला माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे पिशोरचे. घरची शेती भावाच्या हवाली करून जन्मभर सरकारी मोजणीदार म्हणून लोकांची शेतं मोजत हिंडले, औरंगाबादला गारखेड्यात घर बांधलं आणि निवृत्त झाले त्याच आठवड्यात लिलावातली एक जुनी जीप आणून अंगणात उभी केली. जीप उगाच आली नव्हती. अक्काच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली औषधाच्या थेंबांवर टिकेल तेवढी टिकेल, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दाजी तिला म्हणाले, "आपुन जीपनं नेपाळला जाऊ. वाटंत बघण्यासारखं जे जे आसंल ते समदं तुला दाखवतो." अक्कानं ते खरं मानलं. दाजी शब्दाचे पक्केच होते. फक्त कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, ही नोकरीतली सवय त्यांनी घरी आणली होती.

पुढची तीन वर्षं ते काठमांडूला जात होते, म्हणजे ओसरीत बसून जात होते. शहागंजातल्या एका म्हाताऱ्या पुस्तकविक्याकडून त्यांनी नकाशे आणले. चौथ्या नकाशाच्या वेळी मी सोबत होतो. म्हातारबाबा नकाशा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "साब, पैले के तीन नक्शे कां तलक पौंचे?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "गोरखपूर." आणि ते खोटं नव्हतं, तिसऱ्या नकाशावर गोरखपुरापर्यंत लाल पेन्सिलीची रेघ खरंच गेली होती. जालना रस्त्यावर उत्तरेकडच्या पाटीचा ट्रक उभा दिसला की दाजी सायकलवरून उतरत आणि ड्रायव्हरला जेवू न देता घाटांची चौकशी करत. सरहद्दीवर जीपचा परवाना कोणत्या खिडकीवर मिळतो हे त्यांना पाठ होतं. तिथला साहेब जेवायला किती वाजता उठतो हेही त्यांनी एका ट्रकवाल्याकडून काढून घेतलं होतं. जीपची चाचणी दर रविवारी व्हायची. चाचणी म्हणजे इंजिन चालू करायचं, दोघांनी पुढं बसायचं, दशम्या आणि ठेचा जीपमध्येच खायचा आणि उतरायचं. बसून पाठ किती दुखते हे कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. अक्का बिचारी डोक्याला रुमाल बांधून तासभर अंगणात प्रवास करून यायची.

पण त्यांचं खरं काम वहीत चालायचं. वाटेवरच्या प्रत्येक गावच्या पोस्टमास्तरांना त्यांनी जोडकार्डं, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेली पत्रं, धाडली होती. 'आपल्या गावी प्रवाशाने मुद्दाम थांबावे असे काय आहे, ते कृपया कळवावे.' आणि गंमत अशी, की पोस्टमास्तर उत्तरं देत. ती उत्तरं वहीत उतरायची. गाव, अंतर, काय आहे, आणि शेवटच्या रकान्यात दाजींचा शेरा. हा शेरा मी एकदा वाचला आणि चाट पडलो. झाशी: किल्ला. शेरा, 'आपल्याकडे आहे.' म्हणजे दौलताबाद. सांची: बौद्धांचं जुनं काम. 'आपल्याकडे आहे.' खजुराहो: दगडी देवळं. 'आपल्याकडे आहे, आणि ते एकाच दगडातलं आहे.' काशी: ज्योतिर्लिंग. 'घृष्णेश्वर आहे.' गंगा: 'पैठणला गोदावरी आहे.' दर रविवारी एकेक थांबा गळत होता. आमच्या जिल्ह्याचा अभिमान मलाही आहे, पण त्याच्यापायी अख्खा उत्तर हिंदुस्तान रद्द होताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. तीन वर्षांअखेर वहीत उरलं ते एवढंच: काठमांडूपलीकडचा बर्फ. त्याच्यापुढं दाजींनी लिहिलं होतं, 'आपल्याकडे नाही. पाहावे.'

या तीन वर्षांत अक्काची नजर कडेकडेनं आत येत होती. समोरचं ताट दिसे, शेजारचा तांब्या दिसत नसे. तो लवंडला की ती स्वतःच हसायची, आणि मला ते हसणं ऐकवत नसे. म्हणून एका रविवारी मी जरा चिडूनच म्हटलं, "दाजी, वाटेत काहीच नको म्हणता. निदान आग्र्याला तरी थांबा. ताजमहाल आहे."

"पाव्हणं, मकबरा हाय की आपल्याकडं," दाजी म्हणाले. "तेच ते दुसऱ्यांदा कशाला बघायचं?"

अक्का खाली बसून मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दुसऱ्यांदा? पयल्यांदा कवा बघितला म्या?"

"आगं, येता-जाता दिसतोय तर."

"दिसतोय. आत कवा नेलं तुम्ही? दौलताबादचा किल्ला म्या यष्टीच्या खिडकीतून बघितला. वेरूळला तुमच्या मामेभावाच्या लग्नाला गेलो, जेवलो न् आलो. आन् तुम्ही तरी बघितलंय का वो?"

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वेरूळच्या आसपासची शिवारं त्यांनी चार वर्षं मोजली होती. लेण्यांच्या समोर बसून डबा खाल्ला होता. मग ते म्हणाले, "हापिसच्या टायमात कसं जावं मान्सानं?" मी इतका थक्क झालो की हसायचंही विसरलो.

पुढच्या रविवारी जीप फाटकाबाहेर पडली. मकबरा गारखेड्यापासून अर्ध्या तासावर. पण दाजींनी दोन कॅन पाणी, जादा चाक, दोर, कंदील, चार दिवसांच्या दशम्या आणि चौथा नकाशा बरोबर घेतला होता. मागच्या बाकड्यावर चाक मांडीवर घेऊन मी. मकबऱ्यात अक्का संगमरवरावर हात फिरवत सबंध दुपार हिंडली, आणि दाजी तिच्या मागे चपला हातात धरून. नंतर दौलताबाद झालं, वेरूळ झालं. कैलास लेण्यापुढं दाजी तोंड उघडं ठेवून उभे राहिले आणि पुटपुटले, "आयला, हे हितंच हुतं व्हय!"

अजिंठ्याला जायला मात्र उशीर झाला. मधे अक्काच्या डोळ्यांचा दाब वाढला, दोन महिने घरातच गेले. गेलो तेव्हा तिला उन्हातलं थोडं कळायचं, आणि लेण्यांत तर अंधार. आत शिरताच ती थांबली. "अहो, मला काईच दिसंना."

मी म्हटलं, "अक्का, चल बाहेर बसू."

"आता आलेय तर जाऊ कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी बघते."

ज्या भिंतीपुढं आम्ही उभे होतो तिथं आरसा घेतलेली एक स्त्री रंगवली आहे. अंगावर दागिने भरपूर. कापडाच्या नावानं मात्र जवळजवळ काही नाही.

"बाई हाय," दाजी म्हणाले. "आरशात बघतीय."

"दिसाया कशीय?"

"चांगलीय. तुज्यावानीच, जरा उंच."

"नेसलीय काय?"

दाजींनी चित्राकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग छताकडं. घसा खाकरून ते म्हणाले, "लुगडं."

"कसलं?"

"हिरवं. चांगलं रुंद काठाचं."

"आन् पदर?"

"डोक्यावरून घेतलाय की."

अक्कानं समाधानानं मान हलवली. राखणदार पुढं चला म्हणत होता, पण दाजी हलले नाहीत. तिचा हात धरून त्या बाईच्या दासींनाही एकेक लुगडं नेसवत उभे राहिले. मला हसू आवरेना म्हणून मी बाहेर आलो, आणि बाहेर आल्यावर हसू राहिलंच नाही.

वर्षाच्या आत अक्काचं दिसणं पार गेलं. नेपाळ राहिलं. जीप पिशोरला भावाच्या शेतावर गेली, तिच्यातून आता कांद्याची पोती जातात. अक्का घरात भिंतीला हात लावून फिरते. पण कुणी पाहुणी आली, की चहाबरोबर तिला अजिंठ्याची ती बाई मिळतेच: आरसा, हिरवं लुगडं, रुंद काठ, डोक्यावरचा पदर. ऐकणाऱ्यांत एखादी अजिंठा पाहून आलेली असते. ती चमकून दाजींकडं बघते. दाजी वर्तमानपत्र तोंडापुढं धरतात. मग ती पाहुणीही कप खाली ठेवते आणि म्हणते, "व्हय अक्का, हिरवंच हाय."