माझ्या लिव्हरला भावपूर्ण श्रद्धांजली

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी वारलो. मला स्वतःला हे जरा उशिरा कळलं, कारण मी बसमध्ये होतो आणि फोनची बॅटरी संपली होती.

मी जळगावात लिव्हरच्या आजारांवर संशोधन करतो. लिव्हर मिळायची वाट बघणाऱ्या रुग्णांवरचा माझा लेख परदेशात छापून आला. (वाचला तिघांनी. त्यातला एक मी.) थोरल्या भावाने शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी सत्कार ठरवला. मी म्हटलं, "हार नको, अवयवदानाचे फॉर्म भरून घे." गठ्ठाच पाठवला. पाच वर्षं गावात भाषणं ठोकत होतो, पण एक सही मिळेल तर शपथ! घरातच नन्नाचा पाढा. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "मी वर जासू तं बठ्ठा जासू. एक पार्ट कमी करानं नही!" बठ्ठा म्हणजे सगळाच्या सगळा.

सत्कार म्हटला की फ्लेक्स आलाच. भाऊ कापसाच्या गडबडीत. त्याने फ्लेक्सवाल्याला माझा पासपोर्ट फोटो आणि चार शब्द धाडले: "डॉ. अनिल, लिव्हर, अवयवदान, गावाचं नाव मोठं केलं." फ्लेक्सवाल्याने फोटोतला माझा चेहरा बघितला आणि बाकीचं स्वतःच ताडलं.

स्टँडवर उतरलो तर समोर मी! दहा फुटी! गळ्यात हार, दोन्हीकडे समया, वर "भावपूर्ण श्रद्धांजली", मध्ये "स्वतःचं लिव्हर दान करून गावाचं नाव मोठं केलं". खाली "शोकाकुल" म्हणून भावाचा फोटो, माझ्यापेक्षा मोठा, तोही गॉगल लावून!

धावत घरी गेलो. दारात ही गर्दी! बायका रडताहेत, भाऊ फ्लेक्सवाल्याला बदडायला गेलेला, आणि आबा ओट्यावरून ओरडताहेत, "अरे, मना पोऱ्या जित्ता शे!"

"धक्का बसना बाबाले," म्हणत लोक त्यांना पाणी पाजत होते.

तेवढ्यात सरपंच नानांनी फॉर्मचा गठ्ठा उचलला. "त्यानी सोतानं लिव्हर दिधं! आपण सही बी नही करानी का?"

आणि काय सांगू, लोक रांगेत उभे राहिले! लाज वाटते सांगायला, पण मी पुढे गेलोच नाही. कडुनिंबामागे लपलो. म्हटलं, अजून दहा सह्या होऊ देत, मग जिवंत होतो!

मग आबांचा आवाज थांबला. ते खाली बसले आणि टोपीने डोळे पुसू लागले. मी तसाच बाहेर आलो.

"अरे, हाऊ तं जित्ता शे!" नाना किंचाळले. सगळ्यांना आनंद झाला. तो साधारण अर्धा मिनिट टिकला.

"मंग मना फारम वापस दे!"

"तू मरना नही, आम्हीच कसाले मरानं?"

बघता बघता सह्या केलेले सगळे फॉर्म गेले, कोरे तेवढे उरले. प्रत्येकजण आपापला फॉर्म घेऊन, मला जगल्याबद्दल बोल लावत घरी गेला. ओट्यावर उरलो मी आणि आबा.

आबांनी हात पुढे केला. "आन एक फारम."

"आबा, तुम्ही?"

"तुना फोन लागेना. बठ्ठा सांगेत तू मरना. मालेबी खरं वाटनं. मी देवले सांगं, पोऱ्या जित्ता उना तं सही करसू."

मी कोरा फॉर्म पुढे केला. त्यांनी सावकाश सही केली, पेन मला दिलं आणि विचारलं, "आते सांग, कडुनिंबामांगे कितला येळ उभा व्हता?"

पाच वर्षांची भाषणं आणि एक मरण, मिळून फॉर्म एक. तोही माझ्याच बापाचा. यावर लेख लिहायचा विचार आहे, पण हिंमत होत नाही. छापून आला तर भाऊ पुन्हा फ्लेक्स लावेल!