फ्लेक्सवरची खालची रांग

दत्तूमामा वाढदिवसाचा फ्लेक्स करताना नेत्याचा मोठा चेहरा आधी लावत. मग खालच्या रांगेत कार्यकर्त्यांचा एकेक छोटा फोटो बसवताना पुटपुटत, "माजाय... माजाय..."

शिवाजी पेठेतल्या त्यांच्या दुकानात मी पत्रकं छापायला जायचो. चळवळीतल्या वडिलांची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकलो. धारदार शब्द दिसला की मला तो हवाच असायचा. अर्थ विचारला.

"हाँगकाँगात बारा वर्सं हुतो न्हवं मी. तिथं दादाच्या मागनं फिरणाऱ्या पोरांस्नी म्हणत्यात. म्हंजे शिंगरू. पर थुंकल्यागत म्हणत्यात."

तेव्हा आमचा नगरसेवक एक वस्ती उठवू पाहत होता आणि त्याची पोरं दारोदार धमकावत होती. मी पत्रक लिहून आणलं. मथळा होता : ‘माजायांनो, लाज बाळगा!’

मामांनी चष्मा काढला. "ह्यो शब्द काढ. न्हायतर छापणार न्हाय."

"घाबरलात?"

"व्हय. तिथं हाँगकाँगात घरमालकाचा माणूस हुतो मी. एका म्हातारीची भांडीकुंडी जिन्यात आणून ठेवली. तिनं तोंडावर मला ह्योच शब्द हाणला. मालक खाली गाडीत. त्याला काय ऐकू गेलं?"

"ती खोटं बोलली का?"

"न्हाय की. म्हणून तर अजून ऐकू येतंय." त्यांनी पडद्यावरच्या एका फोटोवर बोट ठेवलं. "ह्यो महेश, त्या धमकावणाऱ्या पोरांतलाच. ‘मामा, जरा गोरं करा की’ म्हणून तासभर बसतो हितं. जा, नाव घिऊन बोल त्याच्याशी."

मला तो पळपुटेपणा वाटला. पत्रक मी दुसरीकडे छापलं, हाताने वाटलं. वस्ती उठलीच. मामा पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. दुकानासमोरून गेलो की ते पडद्याकडे बघत राहायचे.

गेल्या उन्हाळ्यात मामा वारले. मूलबाळ नव्हतं. तिरडी बांधली त्या खालच्या रांगेतल्या पोरांनी. मी कडेला उभा होतो. महेशने मला पाहिलं आणि खांदा बदलायला थांबला.

"ये की. मामा तुझंबी हुतं."

मी खांदा दिला. तेव्हा तो कानाशी हळूच म्हणाला, "पत्रक वाचलं हुतं मी तुझं."

एवढंच. मग तो माझ्या मागून चालू लागला. स्मशान येईपर्यंत मला फक्त त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, आणि मान वळवायची माझी छाती झाली नाही.