हिरवा दिवा, लाल दिवा

तीस वर्षं मी सतार शिकवली. गेल्या वर्षी कान बिघडत गेले. एक दिवस विद्यार्थिनी चाचरत म्हणाली, "बाई, तुमची जोडीची तार उतरलीय." मला तर ती बरोबर वाटत होती.

क्रांती चौकातल्या दुकानात ट्यूनर घ्यायला गेले. दुकानदार मोठ्यानं म्हणाला, "माइकवाला नका घेऊ, रस्त्याचा आवाजबी पकडतो. हा चिमट्याचा घ्या, लाकडाची थरथर पकडतो."

घरी तो सतारीच्या दांडीला लावला आणि खुंटी पिळत गेले. हिरवा दिवा लागला. मग मुद्दाम तार उतरवून छेडली, तर दिवा लाल झाला. मला दोन्ही सूर एकसारखेच ऐकू आले.

सोमवारी मी शिकवणी बंद केली. आता सतारीला हात लावायचाही धीर होत नाही.