सरांच्या हाताचा कोन

व्यंकट सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या दवाखान्यात एका आजोबांचा गुडघा वाकवत होते. "येते," एवढंच म्हणाले आणि आजोबांचा व्यायाम पूर्ण करूनच निघाले. अर्धवट सोडला असता तर सर रागावले असते. पाच आठवडे झाले, जीव थाऱ्यावर नाही… आणि त्याला कारण नुसतं दुःख नाही.

फिजिओथेरपी मी लातूरला सरांच्या हाताखाली शिकले. आम्हाला 'मालिशवाले' म्हणणारे डॉक्टर तेव्हाही होते. सर वाद घालायचे नाहीत. सांधा किती वाकतो ते दरवेळी कोनमापकाने मोजून पेशंटच्या कागदावर लिहायचे. 'बरं वाटतंय' हे त्यांच्या लेखी उत्तरच नव्हतं. मला त्या मोजामोजीचा भारी कंटाळा. रेणापूरच्या एका आजींनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बरं आहे म्हटलं, आणि मी न मोजताच नव्वद अंश लिहून मोकळी झाले. तो आकडा बघून, गुडघा पुरेसा वाकतोय असं समजून सर्जननी व्यायाम थांबवले. दोन महिन्यांत गुडघा आखडला, आजींना खुर्चीवरून उठता येईना. सर मला त्यांच्या घरी घेऊन गेले. मी मान खाली घालून चूक कबूल केली, तर आजीच म्हणाल्या, "पोरी, तू लई दमलेली दिसलीस, म्हणून म्या बरं हाय म्हणले." व्यायाम पुन्हा सुरू झाले. परतताना सर म्हणाले, "मालिशवाले म्हणतात तर म्हणू दे. पण आपण खोटा आकडा लिहिला, तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं."

त्यानंतर मी खोटा आकडा लिहिला नाही… एकदा सोडून.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. दर रविवारी मी नांदेडहून लातूरला त्यांचा व्यायाम करून घ्यायला जायची. पुढच्या महिन्यात दवाखाना उघडतो, असं ते सारखं म्हणायचे. शेवटच्या रविवारी हात चाळीस अंशांच्या वर जाईना. त्यांनी विचारलं, "किती?" मी सत्तर सांगितलं आणि कागदावरही सत्तरच लिहिलं. नुसत्या नजरेने कोन ओळखणारा माणूस, त्याला मी फसवायला निघाले होते! त्यांनी तो कागद डाव्या हाताने आपल्या फाइलमध्ये ठेवून घेतला.

तेराव्यानंतर काकूंनी, सरांच्या पत्नींनी, सरांची फाइल माझ्या हातात दिली. माझ्या सत्तरवर एक सरळ रेघ, शेजारी डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात 'चाळीस'. चुकलेला आकडा वाचता येईल असाच खोडायचा आणि लिहिणाऱ्याने बाजूला सही करायची, हा सरांचाच नियम. त्यांनी सहीपुरती जागा सोडलीय, खाली माझं नाव लिहिलंय. मी रोज पेन उचलते. सही केली की सरांचा हात चाळीसलाच राहिला, हे कायमचं नोंदलं जाईल. मला ते अजून जमलेलं नाही.