वाफेवरची वडी

टोकियोतल्या निशी-कसाईहून निघताना कपड्यांआधी आमच्या बॅगेत बेसन गेलं. मराठी घर सुट्टीला निघालं की त्याला कारण लागत नाही. सासरे गेल्याला आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून सासूबाईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. पुण्याहून आमच्याकडे आल्या, पण पानात पडेल ते खायच्या आणि "चांगलं झालंय" म्हणायच्या. माझ्या आमटीला, जिला बारा वर्षं नावं ठेवली. मला त्याची धास्तीच बसली होती.

आओगाशिमा हे भर समुद्रातलं ज्वालामुखीचं बेट. मुक्कामाच्या घरच्या मालकीणबाईंनी जुनी हकिकत सांगितली. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी डोंगर फुटला, वाचलेले लोक शेजारच्या बेटावर पळाले आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी परतले. माझ्या नवऱ्याने ती मराठीत सांगितली.

"इतक्या वर्षांनी कशाला आले?" सासूबाईंनी विचारलं.

"शेतं इथे होती," मालकीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी परसातल्या अशिताबाची जुडी दिली. ही पालेभाजी आज खुडली की उद्या नवी फुटते, असं इथे सगळे सांगतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या पोटात उतरलो. तिथे जमिनीतून वाफ येते आणि तिच्यावर सिमेंटच्या चुली बांधल्या आहेत. लोक बटाटे, अंडी उकडतात. मी कोथिंबीर वडीसारखा अशिताबा चिरून बेसनात कालवला. पाणी जास्त पडलं. मुद्दाम नव्हे, माझं पडतंच.

बाकावर बसलेल्या सासूबाई उठल्या.

"धिरडी घालणार आहेस का?"

मी पीठ ढवळत राहिले.

"सरक. बेसन दे अजून. ओवा कुठाय?"

"राहिला, आई."

"बेसन आणलं आणि ओवा नाही," म्हणत त्यांनी बाह्या वर केल्या. मुटके वळून चुलीत ठेवले, झाकण लावलं आणि मला त्याला हात लावू दिला नाही. मी धूर गेल्याचं निमित्त करून डोळे पुसले. धूर कुठला, वाफच होती.

वडी जराशी कडवट झाली. "ह्यांना आवडली असती," त्या म्हणाल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्या सासऱ्यांबद्दल बोलल्या. मग दुसरा तुकडा घेऊन माझ्याकडे वळल्या.

"आमटीत तू चिंच फार घालतेस. कधीची सांगणार होते."